कुमुद, पाचशे वॉट

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये आम्ही मिक्सर बनवतो,
आईच्या नावाचा. कुमुद, पाचशे वॉट.
तळाला गुजरातीत नाव, वर्षाची वॉरंटी,
आणि आत, कुणाच्या नजरेला पडू नये तिथे,
गोंद.

दादा म्हणायचे, स्क्रू ढिले होतात, गोंद होत नाही.
खरंच होतं ते.
बिघडलेला मिक्सरही आम्ही
तितकाच घट्ट मिटून ठेवला.

मार्चात परत आलेले अडुसष्ट नग
टेम्पोत घालून मीच गेले पाणीगेटपलीकडे,
जुसबभाईंच्या भंगारात.
सोहिल विटेवर आडवा घेऊन हातोडी घालत होता.
सहाव्या घावाला आईचं नाव तडकलं.
कु इकडे. मुद तिकडे.
तांबं निघालं जेमतेम मुठीएवढं.
बाकीचं, एबीएसला चिकटलेलं नायलॉन,
नायलॉनवर क्रोमचा मुलामा,
पायाशी ढीग.
"आनुं कांई ना थाय, बेन," जुसबभाई म्हणाले.
आणि सोहिलनं मान वर न करता विचारलं,
बनवणाऱ्यानं हा कधी उघडून पाहिलाय का?

बनवणारी मीच, हे मी बोलले नाही.
पावती घेतली आणि निघाले.

चार स्क्रू. एवढंच ठरवलं होतं.
पण लग्नाला एकाला बोलवावं आणि भावकी यावी तसं झालं.
स्क्रू म्हणजे आत खुंटी, खुंटी म्हणजे नवा साचा,
साचा म्हणजे राजकोटला साडेसहा लाख.
क्रोम काढलं तर आणंदचा डीलर म्हणाला,
शोकेसमध्ये उपाशी दिसतो, आणि दोनशेची ऑर्डर फिरवली.
मफतभाईंनी (नाव मफत, पण फुकट पैसा सोडत नाहीत)
वहीत आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या:
नगामागे तेरा रुपये चाळीस पैसे.
जाहिरातवाला खोक्यावर हिरवं पान छापू म्हणाला.
त्याला चहा पाजून वाटेला लावलं.
आतली रबरी चकती अजून तीच आहे, काळी,
मातीत न मिळणारी. तिच्यावर कुठलं पान झाकू?

आई मटार सोलत होती.
ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली,
"न मोडणारा केलास, मोडला तर जोडता येणारा केलास.
मग लोक नवा घेणार कधी गं?"

याला माझ्याकडे उत्तर नाही.
ब्रशची जोडी सुटी विकायला ठेवलीय, बावीस रुपये.
बावीस रुपयांवर सोळा जणांचा पगार निघत नाही,
एवढं गणित मलाही येतं.
रात्री येतं, जास्त करून.

ऑगस्टात पहिला नग घेऊन परत गेले पाणीगेटला.
कोरा, चालू.
सोहिलच्या हातात डिसमिस दिला.
त्यानं सवयीनं आधी वीट ओढली.
मग थांबला. उलटा धरला. चार भोकं पाहिली.
मग माझ्याकडे पाहिलं, आणि बहुधा
मार्चातलं त्याला आठवलं.

चार मिनिटं.
मोटार एकीकडे, तांबं अख्खं,
प्लास्टिक एकाच जातीचं, तळ शाबूत.
कुमुद.
मग मी न सांगताच त्यानं सगळं परत जोडलं,
बटण दाबलं, घरघर ऐकली.
तळहातावर एक स्क्रू उरला होता.

मी म्हटलं, राहिला वाटतं.
तो म्हणाला, नाही, लावलाच नाही.
मिक्सर दोन्ही हातांनी धरून खुळखुळ्यासारखा हलवला.
काही हललं नाही.
"तीनात भागतं की, बेन."

मी फोन काढला, मफतभाईंचा नंबर शोधू लागले.
चौथा स्क्रू मागायचा राहून गेला.
तो त्यानं खिशात टाकला होता,
जुसबभाईंच्या तराजूत न घालता.